कराटेसोबत सर्किट ट्रेनिंग सुरू करायचंय, आठवड्यात कसं बसवू?

डोंबिवली_स्लो_लोकल:

नमस्कार मंडळी. वय 36, शोटोकान कराटे, सध्या ब्राऊन बेल्ट. सोम-बुध-शुक्र संध्याकाळी क्लास असतो दीड तासाचा, त्यात वॉर्मअप, किहॉन (मूळ तंत्रांचा सराव), काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) आणि शेवटची वीसेक मिनिटं कुमिते (जोडीदाराशी फाइट). बाकी दिवस ऑफिस आणि ट्रेन, म्हणजे बसणे आणि लटकणे.

प्रॉब्लेम असा आहे की फाइटचा पहिला मिनिट मी मस्त असतो, ग्याकू झुकी (मागच्या हाताचा सरळ पंच) जातो, पाय पण हलतात, आणि नंतर एकदम बॅटरी डाऊन. हात खाली यायला लागतात, मावाशी गेरी (गोल फिरवून मारायची किक) समोरच्याच्या कमरेच्या वर जातच नाही, आणि तो विशीतला मुलगा मग आरामात पॉइंट काढतो. आमच्या जिल्ह्याच्या स्पर्धेत 2 मिनिटांच्या फाइट असतात आणि स्पर्धा तीन महिन्यांवर आहे.

यूट्यूबवर फायटर्स सर्किट म्हणून 45 मिनिटांचे व्हिडिओ सापडले, बर्पी (खाली आडवं होऊन परत उठून उडी), जंप स्क्वॉट, माउंटन क्लायंबर, परत बर्पी, सगळं न थांबता. सेन्सेईंना (कराटेच्या सरांना) विचारलं तर म्हणाले कर, पण क्लासच्या दिवशी नको. आता प्रश्न असे की आठवड्यात किती वेळा करू, बॉडीवेट पुरेल की वजनं लागतील (घरी एक 12 किलोची केटलबेल, म्हणजे वर मूठ असलेला वजनाचा गोळा, आहे, कपड्यांच्या स्टँडला टेकवून ठेवलीये), आणि वजनं उचलून हात स्लो होतात हे खरं आहे का? तिसऱ्या मजल्यावर राहतो, खाली आजी-आजोबा आहेत त्यामुळे उड्यांवर मर्यादा.

पॅड_धरणारा:

नाशिकला किकबॉक्सिंग शिकवतो, त्यामुळे माझं ऐकताना तेवढं सोडून ऐका, आमचे 2-2 मिनिटांचे 3 राउंड असतात आणि मध्ये 1 मिनिट विश्रांती, तुमचं वेगळं आहे.

आधी ते 45 मिनिटांचे व्हिडिओ बंद करा. त्यात घाम भरपूर येतो आणि माणसाला वाटतं काम झालं. पण तुमची फाइट बघा ना कशी असते ती. पॉइंट कराटेत माणूस उड्या मारत अंतर मोजत असतो, मग एक-दोन सेकंदांचा स्फोट, रेफ्री यामे (थांबा) म्हणतो, परत जागेवर, परत तेच. स्फोटाला लागणारी ताकद स्नायूत आधीच साठवलेल्या इंधनातून येते, ते फॉस्फोक्रिएटिन साधारण 10 सेकंदांच्या जोरात संपत येतं, आणि परत भरायला ऑक्सिजन लागतो, अर्ध्या मिनिटात साधारण निम्मं भरतं आणि पूर्ण भरायला 3 ते 5 मिनिटं. म्हणजे तुमचा पहिला मिनिट चांगला जातो तो त्या साठ्यावर, आणि दुसऱ्या मिनिटात तुम्ही मरताय कारण दोन स्फोटांच्या मधल्या वेळात टाकी भरत नाहीये. हे दमसासाचं काम आहे, ज्याला एरोबिक बेस म्हणतात. बेनेके आणि सहकाऱ्यांनी 2004 साली कराटेच्या फाइट मोजल्या होत्या, त्यात एकूण उर्जेतली तीन चतुर्थांशाहून जास्त एरोबिक मार्गाने आलेली निघाली. लोकांना हे पटत नाही कारण बघताना सगळं स्फोटकच दिसतं.

म्हणून माझं मत, एक दिवस निवांत जॉगिंग किंवा जोरात चालणं, 40 मिनिटं, एवढ्या स्पीडने की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. ठोके मोजणारं घड्याळ असेल तर हृदयाच्या कमाल ठोक्यांचा 220 वजा वय हा ढोबळ हिशेब, तुमचे 184, त्याच्या 60-70 टक्के म्हणजे 110 ते 130 ठोके. बोअर आहे पण करा.

मग सर्किट. आठवड्यात दोन, जास्त नको, आणि दोन्ही वेगवेगळी.

पहिलं ताकदीचं. सहा स्टेशन, 30 सेकंद काम 30 सेकंद आराम, तीन फेऱ्या, फेऱ्यांच्या मध्ये 2 मिनिटं बसा, पाणी प्या. बावीस-तेवीस मिनिटांत आटोपतं. केटलबेल स्विंग, पुशअप, स्प्लिट स्क्वॉट (एका फेरीत उजवा पाय पुढे, पुढच्या फेरीत डावा, तिसऱ्या फेरीत अर्धा अर्धा वेळ), बॅगेत पुस्तकं भरून वाकून रोइंग, साइड प्लँक, आणि शेवटी जागेवर फूटवर्क. यात उडी एकही नाही, आजी-आजोबा खुश. क्रम मुद्दाम असा आहे की ढकलायच्या व्यायामानंतर पाय, पायानंतर ओढायचा, म्हणजे एक भाग काम करतो तेव्हा दुसरा सावरतो. सगळे खांद्याचेच व्यायाम लागोपाठ लावले तर तिसऱ्या स्टेशनला फॉर्मची वाट लागते.

दुसरं फाइटसारखं. पार्टनरला फोकस मिट (पंच झेलायचं हातातलं पॅड) धरायला लावा, 2 मिनिटांचा टायमर, 3 सेकंद जीव तोडून अटॅक, 12 सेकंद फूटवर्क, असे 2 मिनिटांत 8 अटॅक बसतात. मग 1 मिनिट आराम. तीन राउंडपासून सुरू करा, पाचच्या वर जायची गरज नाही. अट एकच, आठवा अटॅक पहिल्यासारखा दिसला पाहिजे. तो ढिला पडला की त्या दिवशीचं काम तिथेच बंद.

वजनाने हात स्लो होतात हे जुनं भूत आहे, 12 किलोच्या केटलबेलने तर नक्कीच होत नाहीत. एक मात्र करू नका, हातात डंबेल धरून पंच मारणे. डंबेलचं वजन खाली ओढतं आणि तुमचा पंच पुढे जातो, त्यामुळे खांदा डंबेल वर धरून ठेवायचं काम शिकतो आणि कोपराला फुकटचे झटके बसतात.

तांबडी_माती_कोल्हापूर:

सर्किट सर्किट काय लावलंय बगा. आमच्या तालमीत याला मेहनत म्हणत्यात आन् ती आमच्या आज्ज्याच्या आधीपासनं चालू हाय. पहाटं उठून पळायचं, मग जोर, मग बैठका, मग हौद्यात लढत, संध्याकाळी दोर चढायचा, मुद्गल फिरवायचं, एकानंतर एक, वस्ताद काठी घिऊन उभा. कुठं टायमर न्हाई का बीप न्हाई. आन् मातीतली निकाली कुस्ती चितपट होईस्तोवर चालायची, तुमच्या दोन मिंटात आमचा नुसता खडाखडीचा (सुरवातीला एकमेकाला अजमावायचा) बी टाइम व्हत न्हाई.

चेष्टा सोडा, एक खरं सांगतो. जोर घाला पुशअपच्या जागी. पुशअपमध्ये नुसती छाती अन् दंड लागतो, जोरात कंबर, पाठ, खांदा सगळं फिरतं, पाठीचा कणा मोकळा हुतो. किकवाल्याला त्याचा लई फायदा. आन् खुराक वाढवा. शहरातली माणसं मेहनत वाढवत्यात पण खायला तेवढंच, मग आठ दिसात तोंड उतरतं. बैठका रोज शंभर घालायला चालू करा, महिन्याभरात पाय दगडासारखे.

गुडघे_सांभाळा:

मी फिजिओथेरपिस्ट आहे, क्लिनिकमध्ये दर मे महिन्यात आणि दर जानेवारीत अशा उत्साही लोकांची लाइन लागते म्हणून लिहितेय.

कोल्हापूरकर दादा, जोरांबद्दल शंभर टक्के सहमत, पण पहिल्याच दिवसापासून रोज शंभर बैठका हे सवय नसलेल्या माणसाला सांगू नका प्लीज. तालमीतली मुलं लहानपणापासून हळूहळू तिथे पोचलेली असतात. सवय नसताना अचानक खूप बैठका मारल्या की मांडीचे स्नायू नुसते दुखत नाहीत, कधीकधी इतके तुटतात की त्यातलं प्रोटीन रक्तातून किडनीपर्यंत जातं. लघवी कोलासारखी गडद झाली, मांड्या सुजून कडक झाल्या, तर तो अंगदुखीचा प्रकार नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, मसाज करत बसायचं नाही. उन्हाळ्यात आणि मुंबईच्या दमट हवेत पाणी कमी पडलं की धोका अजून वाढतो.

मूळ प्रश्नकर्त्यांसाठी: तुम्ही दिवसभर बसता, ट्रेनमध्ये उभे राहता आणि संध्याकाळी थेट मावाशी गेरी मारता. किक कमरेच्या वर जात नाही याचं कारण नेहमी दमच असेल असं नाही. एक साधी चाचणी करा, क्लासच्या सुरुवातीला एकदम फ्रेश असताना भिंतीला हात टेकून पाय हळूहळू बाजूला वर उचला आणि तिथे 5 सेकंद धरा. झटका देऊन पाय डोक्यापर्यंत जातो पण हळू उचलून कमरेपर्यंतच थांबतो, तर कंबरेच्या बाजूच्या स्नायूंत ताकद कमी आहे, आणि दमल्यावर तीच आधी जाते. मग सर्किटमधल्या एका स्टेशनला हेच टाका, हळू उचलणे, धरणे, हळू सोडणे, 15 सेकंद एक पाय 15 सेकंद दुसरा. दिसायला काहीच वाटत नाही, करून बघा, शिव्या द्याल मला.

अजून एक, नव्या सर्किटमुळे पहिले दोन आठवडे पाय जड वाटणार, ते नॉर्मल आहे. पण गुडघ्याच्या आत किंवा वाटीखाली टोचल्यासारखं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना पण दुखलं, तर स्प्लिट स्क्वॉट कमी खोल करा किंवा काही दिवस थांबवा. शोटोकानचे झेनकुत्सु दाची (पुढचा गुडघा वाकवून लांब उभं राहणं) वगैरे स्टान्स आधीच खोल असतात, गुडघ्याला आठवड्यातून तीनदा तो डोस मिळतोच आहे.

तबाता_फॅन_ठाणे:

एवढं सगळं कशाला. रोज 4 मिनिटं तबाता, 20 सेकंद बर्पी 10 सेकंद आराम, 8 वेळा, झालं काम. सायंटिफिकली प्रूव्हन आहे. मी तर लिफ्टची वाट बघतानाही करतो.

पॅड_धरणारा:

लिफ्टमधल्या बाकीच्या लोकांबद्दल सहानुभूती.

साहेब तबाताचा तो मूळ 1996 चा अभ्यास सायकलवर होता, बर्पीवर नाही, आणि 20 सेकंदांचा जोर शरीराच्या कमाल ऑक्सिजन क्षमतेच्या 170 टक्के एवढा ठेवला होता, सातव्या-आठव्या वेळेला पायडल मारणं अशक्य होईल इतका. आणि ती मंडळी आठवड्यातून एक दिवस अर्धा तास न थांबता मध्यम जोराचं सायकलिंग पण करत होती, हा भाग कोणी सांगत नाही. बर्पीमध्ये तेवढा जोर लागायच्या आधी फॉर्म जातो, कंबर खाली लोंबते. आमच्याकडे पोरांना बर्पी मी शिक्षा म्हणून देतो, ट्रेनिंग म्हणून नाही.

डोंबिवली_स्लो_लोकल:

बापरे, एवढे प्रतिसाद, सगळ्यांचे आभार. फिजिओताई, तुमची चाचणी काल क्लासच्या आधी केली. झटक्याने पाय खांद्यापर्यंत जातो, हळू उचलला तर कमरेच्या थोडा खालीच थरथरायला लागला. उत्तर मिळालं म्हणायचं.

पॅडवाले दादा, दुसऱ्या सर्किटला पार्टनर लागतो आणि पार्टनर मला फक्त डोजोत (क्लासच्या जागी) भेटतो. पण सेन्सेई म्हणतात क्लासच्या दिवशी नको. मग शनिवारी दोन्ही सर्किट लागोपाठ करू का? आणि कोल्हापूरकर भाऊ, खुराक म्हणजे नक्की काय, मी शाकाहारी आहे, अंडी चालतात.

पॅड_धरणारा:

दोन्ही लागोपाठ नको, दुसरं पहिल्याचा चोथा होईल. इथे मी तुमच्या सेन्सेईंशी थोडा असहमत आहे, पण डोजो त्यांचा, शब्द त्यांचाच शेवटचा. त्यांची भीती बहुतेक अशी असेल की तुम्ही आधी सर्किट करून दमून क्लासला याल आणि काता चुकीचा घोटाल, आणि ती भीती बरोबर आहे, दमलेल्या शरीराने घोटलेलं तंत्र तसंच पक्कं होतं. पण क्लास संपल्यावर 10 मिनिटं हा वेगळा विषय. मेहनतीचा दिवस एकदाच मेहनतीचा होऊ द्या म्हणजे आरामाचा दिवस खरा आरामाचा राहतो. त्यांना असंच विचारून बघा, की सर, बुधवारी क्लासनंतर तीन राउंड मिटवर करू का, शक्य झाल्यास तुम्हीच लक्ष ठेवा. बहुतेक सर लोकांना लक्ष ठेवा म्हटलं की परवानगी द्यावीशी वाटते.

तांबडी_माती_कोल्हापूर:

खुराक म्हंजी आमच्याकडं दूध, तूप, बदामाची थंडाई, आन् मटण तर हायेच. तुमी ऑफिसात बसणारं माणूस, थंडाई रोज पिली तर शर्टाची बटणं तुटतील. तुमी सोपं करा, सकाळी भिजवलेलं चणं अन् शेंगदाणं, दुपारी डाळ घट्ट खावा, पाणीदार आमटी नको, संध्याकाळी क्लासच्या दोन तास आधी एक केळ, रातच्याला दोन-तीन अंडी अन् भाकरी. ताईंचं बरोबर हाय, शंभर बैठका मी आमच्या हिशेबानं बोललो, तुमी वीसापासनं चढत जावा.

लीड्सची_जुदोका:

वाचता वाचता राहवलं नाही म्हणून लिहितेय, मूळची सांगलीची, सध्या लीड्समध्ये राहते आणि इथल्या क्लबात जुदो खेळते. सर्किट ट्रेनिंग नावाची पद्धत मुळात इथल्याच युनिव्हर्सिटीत 1950 च्या दशकात मॉर्गन आणि अ‍ॅडमसन या दोघांनी बसवली, विद्यार्थी खूप, वेळ थोडा, आणि प्रत्येकाची कुवत वेगळी, म्हणून. त्यांची एक गोष्ट आजच्या व्हिडिओंमध्ये गायब झालीये. ते आधी प्रत्येकाची त्या त्या व्यायामाची कमाल मोजायचे आणि सर्किटमध्ये त्याच्या साधारण निम्मे रेप्स (आवर्तनं) द्यायचे, मग तीन फेऱ्या, आणि प्रगती म्हणजे तेवढंच काम कमी वेळात. म्हणजे तुम्हाला एका दमात 24 पुशअप येत असतील तर सर्किटमध्ये 12. सगळ्यांना एकच टायमर लावून पळवणं हे नंतर आलं. मला सुरुवातीला हीच पद्धत जास्त झेपली कारण टायमर लावला की मी शेवटचे रेप्स घाईघाईत कसेही उरकते, आकडा ठरलेला असला की नीट करते. तुमच्या बाबतीत पहिले तीन-चार आठवडे असं करून मग 30-30 सेकंदांवर जाता येईल.

आमच्या सीनियर फाइट 4 मिनिटांच्या, बरोबरी झाली तर गोल्डन स्कोअर म्हणजे निकाल लागेपर्यंत, आणि पकड सगळ्यात आधी जाते. म्हणून मी टॉवेल बारला टाकून लटकते. तुम्हाला त्याचा उपयोग नाही, तुम्ही ते स्टेशन सोडा. दुसऱ्या खेळाचं सर्किट जसंच्या तसं उचलू नका एवढंच म्हणायचं होतं. आणि हो, ट्रेनमध्ये लटकणं मोजू नका त्यात.

गुडघे_सांभाळा:

हे निम्म्या रेप्सचं आवडलं, मी पेशंटना असंच काहीतरी सांगते पण त्याला एवढा इतिहास आहे माहिती नव्हतं.

दर चौथ्या आठवड्यात एक फेरी कमी करा, हे लिहायचं राहिलं होतं. आणि स्पर्धेच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात ताकदीचं सर्किट पूर्ण बंद, मिटवरचे एक-दोन राउंड फक्त, ताजेतवाने जा. लोक नेमकं त्याच आठवड्यात घाबरून डबल करतात. झोप सहा तासांच्या खाली असेल तर त्या दिवशीचं सर्किट रद्द केलं तरी चालेल, दमलेल्या मेंदूने पाय वाकडा पडतो आणि घोटा मुरगळतो.

डोंबिवली_स्लो_लोकल:

सेन्सेई हो म्हणाले! वर म्हणाले मिट मीच धरतो, म्हणजे आता सुटका नाही. तर ठरलं असं: सोम, बुध, शुक्र क्लास, बुधवारी क्लासनंतर मिटवर तीन राउंड. मंगळवारी सकाळी पाऊण तास चालणं-पळणं, गुरुवार काही नाही, शनिवारी सकाळी गच्चीवर ताकदीचं सर्किट निम्म्या रेप्सने, त्यात पुशअपच्या जागी जोर आणि फिजिओताईंचा हळू पाय उचलायचा छळ. रविवारी आराम, म्हणजे बायकोबरोबर बाजार, तो आराम आहे का माहीत नाही.

गच्चीवर खाली कोणाचं घर नाही, पाण्याची टाकीच आहे, त्यामुळे फूटवर्कच्या जागी दोरीच्या उड्या घेईन म्हणतोय. दोरी ऑनलाइन मागवतोय तर लांबी कुठली घेऊ, उंची पाच फूट आठ इंच. आणि गच्चीला चायना मोझॅक आहे, पावसाळ्यात घसरतं.

पॅड_धरणारा:

प्लॅन उत्तम. दोरी 9 फुटांची घ्या, अ‍ॅडजस्टेबल. मधोमध एका पायाने दाबून उभं राहायचं आणि दोन्ही मुठी काखेपर्यंत आल्या पाहिजेत, जास्त वर आल्या तर कापा. तारेची स्पीड रोप घेऊ नका, खरबरीत गच्चीवर तिचं प्लास्टिकचं कव्हर लवकर सोलून निघतं, साधी जाड पीव्हीसीची घ्या. उडी दोन बोटं एवढीच, बुटांत, चवड्यावर.

ओल्या मोझॅकवर अजिबात नको, पावसात जिन्याच्या पॅसेजमध्ये दोरीशिवाय फूटवर्क करा. आणि पहिल्या शनिवारी दोनच फेऱ्या, तिसरी पुढच्या आठवड्यात. सोमवारी क्लासला पाय कसे वाटले ते लिहा इथे.

तांबडी_माती_कोल्हापूर:

आन् जोर किती आले ते बी लिवा.